माळकरणीच्या खानावळीतली अंडी

साहेब, ठमाबाईच्या खानावळीला कुलूप तुम्ही ठोकलंत, आणि सडत होतं ते तुमच्या नळात. कळलं नाही म्हणू नका. कळून घेतलं नाहीत.

महाडच्या बाजारातलं उघडं गटार घाणेरडं दिसायचं, पण पाणी दगडांवर आपटत, हवा पीत सावित्री नदीकडे जायचं. तुम्ही ते सिमेंटच्या नळात कोंडलंत. वर तुमच्या बंगल्यापर्यंत वास येतो म्हणून हवेसाठी ठेवलेली तोंडंही लिंपून टाकलीत. मग वास ठमाबाईच्या मोरीतून वर आला. सडक्या अंड्यांचा.

तुमचा नगरपालिकेचा इन्स्पेक्टर महिपती नाकाला रुमाल लावून आला.

"बाई, अंडी कुठं लपवलीस?"

"गळ्यातली माळ दिसत नाय? माझ्या उंबऱ्याच्या आत अंडं येत नाय."

"वास अंड्यांचाच आहे."

"मंग कोंबडी तुमच्याच नळात बसली आसंल, दादा. हुडका तिला!"

जेवायला बसलेले वरंधचे गाडीवान खो खो हसले. त्या हसण्याचं कुलूप संध्याकाळी दाराला लागलं. विधवा बाई, तेवढ्या चुलीवरच तिचं पोट.

त्या दिवशी पंगतीत मीही होतो. तुमच्या कचेरीत येऊन मी सांगितलं : पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपला की घाण सडते, सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू सुटतो. वरच्या ओल्या सिमेंटवर त्याचं तेजाब होतं, ते नळाचं छत खातं. वरच्या टोकाला पाण्यात हवा सोडा. तुमच्या कपाटातल्या पुस्तकात हेच छापलंय, पण त्याची जोडलेली पानं अजून कुणी कापून उघडलेली नाहीत.

तुम्ही हसलात. "पाण्यात हवा? ते माशांना सांगा."

"सांगतो. तुमच्या नळात एक तरी मासा जगवून दाखवा."

मला हाकलून दिलंत.

गेल्या आठवड्यात खानावळीसमोर बैलगाडीचं चाक रस्त्यात खचलं. नळाचं छत भिजल्या भाकरीसारखं हातात आलं. भगदाडातून कोंडलेला वायू निघून गेला आणि खानावळीतला वास थांबला. दाराला कुलूप तसंच असताना!

आता तुम्ही म्हणता, 'अंडी माझीच होती, पुन्हा ठेवणार नाही' असं लिहून अंगठा लाव, मग कुलूप काढू. ठमाबाई म्हणाली, "आंगठा लावला तर माळ उतरावी लागंल. त्यापरीस उपाशी मरंन." काल तिने तुडीलच्या भावाकडे भांडी पोचवली.

नवा नळ आलाय. त्याचीही तोंडं लिंपायचा हुकूम सुटलाय म्हणे.

साहेब, नळाचं छत कुणाच्या अंड्यांनी खाल्लं, ते आता तुम्ही लिहून द्या. तुम्हाला तर सही येते. कधी देता?