जी धडधड मला दिसली नाही

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. सावंगीच्या एका प्रयोगशाळेत माझं आयुष्य गेलं. पूर्वी विद्यार्थी माझ्याभोवती गर्दी करत. पुढे माझं एक भिंग धूसर झालं, नवं यंत्र आलं आणि मी कोपऱ्यात गेलो. माझ्याकडे येणारी उरली फक्त गुंजन, एक संशोधक विद्यार्थिनी. माणसाच्या चरबीत काही मूळ पेशी असतात. काचेच्या बशीत त्यांना औषधं देऊन हृदयाच्या स्नायूच्या पेशी बनवायच्या, हे तिचं संशोधन. त्या धडधडू लागल्या की जमलं.

ती चरबी होती नाचणगावच्या प्रमिलाबाईंची. त्यांचं बांगड्यांचं दुकान. हर्नियाच्या ऑपरेशनात निघालेली चरबी त्यांनी आपणहून दिली, कारण त्यांच्या मुलाचं, योगेंद्रचं हृदय निकामी होत चाललं होतं.

"काकू, हे सगळं अजून बशीतच आहे. योगेंद्रला याचा उपयोग नाही व्हायचा," गुंजनने आधीच सांगितलं होतं. तरी लेकाला इथल्या रुग्णालयात तपासायला आणलं की त्या आमच्या दारात येत.

"धडकलं का वं पोरी?"

"नाही, काकू."

एके दिवशी मात्र गुंजन हरखली होती. पेशी लांबट झाल्या होत्या. शेजारच्या बशीत हृदयातलं प्रथिनही सापडलं होतं. तिने प्रमिलाबाईंना माझ्यापाशी बसवलं. त्यांनी श्वास रोखून डोळा लावला.

"हाललं! हालून राह्यलं नं पोरी! योगूले सांगा लागते!"

गुंजनने पाहिलं. मला तर ठाऊकच होतं. बाईंचे थरथरते हात टेबलावर टेकले होते; हललो होतो तो मी.

"काकू, टेबल हललं," ती म्हणाली आणि खाली मान घालून बश्या धुवायला निघून गेली. प्रमिलाबाई कितीतरी वेळ एकट्याच बसून होत्या. माझी काच ओली झाली.

पोळ्याच्या आधी योगेंद्र गेला. पेशी धडधडल्याच नाहीत. त्यांना बुरशी लागली, फेकाव्या लागल्या.

दिवाळीनंतर प्रमिलाबाई आल्या. "माह्या त्या पेशी तरी हायेत का?"

गुंजनने नकारार्थी मान हलवली.

"त्याही गेल्या? बरं," म्हणत त्या बसकडे वळल्या. त्यांना कुणी थांबवलं नाही.

मित्रांनो, आता माझ्यावर कुणी कापडही घालत नाही. माझी धूळ पुसा, एवढंच मागणार होतो. पण त्याआधी हे ऐका. कुणाची आशा मोडावी लागली, तर खरं सांगूनच मोडा. मात्र सांगून झालं की लगेच उठू नका. त्या माणसाजवळ थोडं बसा.