गोंडेवाली की उघड्या मानेची

चष्म्याच्या दुकानात अकरा वर्षं काढलेल्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: गिऱ्हाइकाला ‘काय हवंय’ असं कधी विचारू नये. ते बावचळतं. दोन फ्रेमी पुढे कराव्यात आणि म्हणावं, ही की ही? आमच्या सूनबाईंनी या एका युक्तीवर निम्म्या गावाच्या नाकांवर चष्मे चढवले होते. ती फक्त एका माणसापुढे चालत नव्हती, आणि तो माणूस त्यांच्याच घरात राहत होता.

सासरे सात महिन्यांपूर्वी मुलाकडे राहायला आले. चौतीस वर्षं बेकरीत काढलेली. दोन्ही हातांनी एकाच वेळी दोन अंडी फोडायचे, टरफलाचा कण आत पडायचा नाही. तिथं म्हणे मालकालाही दरडावायचे. इथं मात्र अगदी पाहुण्यासारखे. स्वतःचा कप स्वतः विसळायचा, टीव्ही दुसऱ्या कुणी लावला तरच बघायचा. सात महिन्यांत त्यांनी या घरात तीन गोष्टी मागितल्या होत्या: पाणी, टॉवेल आणि पुन्हा पाणी.

“आपलं काही चुकतंय का रे?” सूनबाई नवऱ्याला विचारायच्या.

“बाबा आहेतच तसे,” नवरा म्हणायचा. बाबा तसे नव्हते, हे दोघांनाही माहीत होतं. सूनबाईंना फार काही नको होतं. या माणसानं या घरात एकदा तरी हट्ट करावा, बस.

मागच्या अंगणात कोंबड्या पाळायची टूम त्यातूनच निघाली. अंड्यांत जन्म गेलेला माणूस कोंबडीबद्दल तरी तोंड उघडेल. नवरा विजेची कामं करणारा. त्यानं जुन्या कपाटाचं खुराडं केलं आणि गरज नसताना आत दोन दिवे बसवले. जागा सहांची.

सूनबाईंनी जातींचे फोटो जेवणाच्या टेबलावर मांडले.

“बाबा, ही पांढरी लेगहॉर्न की ही काळी?”

“दोन्ही चांगल्या आहेत.”

“एक सांगा ना.”

“तुम्हाला बरी वाटेल ती.”

“ही बघा, हिच्या पायांवर पिसं आहेत. मोजे घातल्यासारखी दिसते.”

“मोजेवालीही बरी आहे,” असं म्हणून सासरे कप विसळायला उठले.

तेव्हा सूनबाईंना दुकानातलीच दुसरी एक गोष्ट आठवली. घुम्यासारखा बसलेला नवरासुद्धा, बायकोनं त्याच्यासाठी भयंकर फ्रेम उचलली की बोलतो.

शनिवारी तिघं कोंबड्या विकणाऱ्या बाईंच्या वाडीवर जायची होती. ऐन वेळी कुणाचा तरी फ्यूज उडाला आणि नवरा तिकडे गेला, म्हणून दोघंच गेली. जाळीच्या कप्प्यांमधून तलंगा, म्हणजे पहिलं अंडं घालायच्या बेतातल्या कोंबड्या, जातवार ठेवल्या होत्या. सूनबाई थेट सर्वांत नटव्या कप्प्यापुढे उभ्या राहिल्या. डोक्यावर पिसांचा एवढा थोरला गोंडा, डोळे त्यात बुडालेले.

“या द्या. सहाही याच.”

“वा, हौस आहे,” वाडीवाल्या बाई म्हणाल्या.

सासरे दाण्याच्या पोत्यावरचा मजकूर वाचत होते.

“पडद्यांना शोभतील,” सूनबाईंनी आवाज वाढवला. “अंडी काय, घालतील जमेल तशी.”

सासरे खोकले. पोत्यावरचा मजकूर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. गोंडेवाल्यांपैकी एक चालता चालता पाण्याच्या भांड्यात शिरली आणि तिथंच उभी राहिली.

“तिला दिसतंय का?” सासरे म्हणाले.

“कुणाला?”

“त्या कोंबडीला. दिवसभर लोकांचे डोळे तपासतेस आणि घरी नेतेस ती आंधळी?”

वाडीवाल्या बाई तोंडाला पदर लावून हसल्या. सूनबाईंनी चेहरा सरळ ठेवला. “मग कुठली घ्यायची?”

सासरे जे निघाले ते शेवटच्या कप्प्यापाशीच थांबले. तिथल्या कोंबड्यांच्या मानेवर एक पीस नव्हतं. नुसती लालभडक कातडी. कुणीतरी सोलायला घेतल्या आणि फोन आला म्हणून सोडून दिल्या, अशा.

“या,” सासरे म्हणाले.

सूनबाईंना हवं होतं ते झालं होतं. आता हसून पिशवी पुढे करायची, की संपलं. पण तोंडातून निघून गेलं, “ई, बाबा. रोज सकाळी उठून मी हे बघायचं?”

म्हटलं आणि जीभ चावली. आता ते म्हणणार, बरं, तुम्हाला चालतील त्या घ्या. म्हणजे सात महिने पुन्हा पहिल्यापासून. सासऱ्यांनी जाळी दोन्ही हातांनी धरली.

“बघू नकोस,” ते म्हणाले. “अंडं बघ. आमच्या भट्टीमागे मालकानं पाळल्या होत्या. धग अशी, की बाकीच्या चोची उघड्या टाकून धापा टाकायच्या. या आपल्या घालतायत अंडी. सहाही याच घ्यायच्या.”

“सहा? एक.”

“पाच.”

“बाबा, माझं पण घर आहे ते.”

“मग माझं नाही का?”

वाडीवाल्या बाई दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. “आधी घरी ठरवून यायचं होतं,” त्या म्हणाल्या.

“घरी हे बोलत नाहीत,” सूनबाई म्हणाल्या.

“घरी ही सारखी विचारते,” सासरे म्हणाले.

शेवटी चार उघड्या मानेच्या आणि दोन गोंडेवाल्या, यावर तह झाला.

संध्याकाळी नवरा परतला तर मागच्या अंगणातून चढे आवाज. तो बूट न काढताच धावला. “काय झालं? बाबा, ही काही बोलली का तुम्हाला?”

“तू मध्ये पडू नकोस,” बाबा म्हणाले. “आणि हे खुराडं कुणी केलं? बसायची दांडी एवढी उंच असते का?”

“पाना आण,” बायको म्हणाली.

तो पाना आणायला आत गेला. मागे चालूच होतं.

“तुझ्या त्या दोघींना खालच्या दांडीवर बसव. पडतील.”

“पडल्या तर उचला.”

“मी उचलू?”

“मग कोण? मी दुकानात असते.”

“उद्या दुकानात जायच्या आधी त्यांच्या झुलपांना कात्री लावून जायचं. आंधळ्या कोंबड्या मला चालणार नाहीत.”