लिव्हरवरचा हात

चौकशी समितीच्या बाईंनी कॉकपिटमधल्या संभाषणाची ती टेप चाळीसेक वेळा ऐकली होती आणि दर वेळी त्यांचं डोकं फिरलं होतं. विमान फार उंचावरून, भलत्याच वेगानं धावपट्टीकडे येतंय. धोक्याचं यंत्र कानीकपाळी ओरडतंय. आणि सहवैमानिक चाचरत म्हणतोय, "सर, स्पीड जरा जास्त वाटतोय." एकदा नाही, तीनदा. कॅप्टनचं उत्तर एकच, "दिसतंय मला." विमान धावपट्टी ओलांडून पलीकडच्या नाल्यात गेलं. एकोणतीस माणसं गेली, कॅप्टनसकट.

सहवैमानिक वाचला. हॉस्पिटलात पाय टांगून पडला होता. उशाशी आई.

"जरा जास्त?" बाईंनी खुर्ची ओढली. "विमान परत वर घ्या, एवढं तोंडातून निघालं नाही तुमच्या?"

"तो लहानपणापासून मोठ्यांना उलटून बोलत नाही हो," आई कौतुकानं म्हणाली.

"काकू, मी त्यांना विचारतेय."

"त्याचे सर म्हणजे देवमाणूस. बावीस वर्षांचा अनुभव. यानं त्यांना काय शिकवायचं?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "दोन माणसं बसवतात ती एकानं नंदीबैलासारखी मान हलवायला नाही, काकू."

"सर चिडले असते," तो पुटपुटला.

"मग चिडू द्यायचं! चिडण्यानं कुणी मरतं का?"

"आजारी माणसावर ओरडता?" आई उसळली. "लिहून घ्या, माझ्या मुलानं काहीही केलेलं नाही."

"आई, गप्प बस."

 असा तो आईशी कधी बोलला नव्हता.

"माझा हात इंजिनांच्या लिव्हरवर गेला होता," तो बाईंना म्हणाला. "तो पुढे ढकलून जोर वाढवला असता तर विमान वर गेलं असतं. वेळ होता. सरांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी हात काढून घेतला. हे टेपवर नाही."

बाईंच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "सावकाश सांगा. पहिल्यापासून."

आई उठून बाहेर गेली. त्यानं हाक मारली नाही. जबाब सात पानांचा झाला. सहीपाशी येऊन तो अडला.

"सरांच्या घरचे वाचतील हे?"

"वाचतील," बाई वैतागून म्हणाल्या. "आणि बाकीच्या अठ्ठावीस जणांच्या घरचेही."

त्यानं सही केली.