एक सूत कमी

मार्च सरता सरता एका मंगळवारी भर दुपारी श्रीरामपुरात गारा पडल्या. आधी वारा सुटला, मग पत्र्यावर कुणी पोतंभर खडी ओतावी तसा आवाज झाला, आणि बघता बघता अंगण पांढरंफटक पडलं. सॅमसन त्रिभुवन तेव्हा पश्चिमेच्या खोलीत पंख्याखाली घोरत होता. उशाजवळ काच फुटली तसा तो दचकून उठला, आणि डोळे उघडायच्या आधीच ओरडला, "ओ, मागचे, धरून उभे राहा!"

छत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाच्या तोंडून दुसरं काय निघणार?

गारा थांबल्यावर त्यानं आणि फिलोमिनानं घरभर फिरून बघितलं. पश्चिमेच्या दोन्ही खिडक्यांची मिळून पाच तावदानं गेली होती, खालची तीन मोठी आणि वरच्या झरोक्यांची दोन लहान. त्यातल्या एका खिडकीची झडप वरच्या बिजागरीला लोंबकळत होती, आणि तिची खालची पट्टी कुजून बिस्किटासारखी भुसभुशीत झाली होती. गादीवर काचा, शिवणाच्या मशीनवर काचा, फिलोमिनानं शिवायला घेतलेल्या पोलक्यांच्या गठ्ठ्यात काचा.

"ईस्टरला बारा दिवस राहिले," फिलोमिना म्हणाली. "पुढच्या गुरुवारी आराधना येणार, जावई येणार. लेकरू दोन वर्षांचं. या खोलीत त्यांना झोपवायचं कसं?"

"मी आहे ना!" सॅमसन म्हणाला.

फिलोमिना गादीवरच्या काचा वेचायला लागली. सॅमसनला रिटायर होऊन आठ महिने झाले होते, आणि 'मी आहे ना' हे वाक्य तिनं या आठ महिन्यांत पुष्कळदा ऐकलं होतं. मसाल्याचे डबे त्यानं उंचीप्रमाणे लावले, त्यानंतर चार दिवस तिला हिंग सापडला नव्हता.

सॅमसननं आधी शहाण्यासारखं पुंजाराम मिस्त्रीचं दुकान गाठलं. तिथं गर्दी होती, स्टँडवर सणाच्या आदल्या दिवशी असते तशी. पुंजारामनं मान वर न करताच सांगितलं, "कंडक्टर सायेब, निम्म्या गावाच्या खिडक्या फुटल्यात. पंधरा-वीस दिस तरी हात रिकामा न्हाई." ॲल्युमिनियमवाल्यानं तर महिन्यानंतरची तारीख दिली. मग सॅमसननं मनाशी ठरवलं. खिडकी ती काय! चार काठ्या आणि एक काच. आपण घाटात पंक्चर झालेल्या गाडीचं चाक बदलायला हात लावलाय, ही तर घरातली खिडकी.

दुसऱ्या दिवशी त्यानं फिलोमिनाचीच शिवणाची टेप घेतली, चौकटीचं माप घेतलं, तळहातावर लिहिलं आणि काचवाल्याकडून त्या एकाच मापाच्या पाचही काचा कापून आणल्या. खाचेत अडकलेली जुन्या काचांची टोकं उपटली. काच धरून ठेवणाऱ्या लाकडी पट्ट्या काढल्या. त्यातल्या दोन मोडल्या, पण ते त्यानं मनावर घेतलं नाही. मग पहिली काच उचलून खाचेत बसवायला गेला.

काच बसेना.

डावीकडून घातली तर उजवीकडे अडायची, खालून घातली तर वर. सॅमसननं तळहात बघितला. माप बरोबर होतं. त्यानं काचेच्या कडेला हातोडीच्या दांड्यानं हळूच टोला दिला. मग आणखी एक, जरासा जोरात.

खळ्ळ!

दुसऱ्या काचेचं तेच झालं. यावेळी त्यानं टोलासुद्धा मारला नव्हता, नुसतं अंगठ्यानं दाबलं होतं. दारात मशीनवर बसलेली फिलोमिना इतका वेळ खाली मान घालून शिवत होती. तिसरी काच सॅमसननं उचलली, तेव्हा तिचा पाय थांबला.

"एक सूत कमी," ती म्हणाली.

"काय?"

"काच चौकटीच्या मापाची कापायची नसते. चारी बाजूंनी जरा कमी कापायची, एक सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग. पावसाळ्यात लाकूड फुगतं. काचेला अंग चोरायला जागा नको?"

सॅमसन काच धरून उभाच राहिला. "तुला काय माहीत हे?"

फिलोमिना उठली, आतल्या खोलीत गेली, आणि पलंगाखालून पत्र्याची एक पेटी ओढत घेऊन आली. ती पेटी सॅमसन लग्नापासून बघत आला होता. तिच्यात माहेरच्या साड्या असतील, अशी त्याची समजूत होती. तिनं झाकण उघडलं. वर खरंच एक जुनं लुगडं होतं. त्याच्या घडीत रंधा होता, तीन पटाश्या, एक छोटी करवत, काटकोन बघायचा गुण्या, आणि पेन्सिलीएवढ्या दांडीची, काच कापायची हिरकणी. सगळ्या लोखंडाला तेलाचा हात फिरवलेला. गंजाचा एक ठिपका नाही.

"ही हत्यारं कुणाची?"

"माझ्या बाबांची. मरायच्या आधी त्यांनी माझ्या हातात दिली."

सासरे सत्यवान मिस्त्री पुणतांब्याकडचे नावाजलेले सुतार होते, एवढं सॅमसनला माहीत होतं. पण फिलोमिना आठव्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली होती, सोळाव्या वर्षी तिनं मिशनच्या शाळेची एक अख्खी खिडकी एकटीनं केली होती, हे त्याला आज, लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर कळत होतं.

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले होते की." फिलोमिना रंध्याचं पातं अंगठ्यावर बघत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सॅमसनला जास्त लागलं. "लग्नाच्या पहिल्याच पावसाळ्यात मोरीचं दार फुगलं होतं. मी म्हणाले, रंधा मारते. तुमचे डेपोतले दोघं-तिघं मित्र बसले होते. तुम्ही हसून म्हणालात, बायको सुतारकी करणार, मग मी काय भाकऱ्या थापू? सगळे हसले. मी पेटी पलंगाखाली सरकवली."

सॅमसननं आठवून बघितलं. दार आठवलं, मित्र आठवले. आपलं वाक्य काही केल्या आठवेना. आपण टाकलेला शब्द आपण विसरून जावा आणि दुसऱ्यानं तो पस्तीस वर्षं तेल लावून जपावा, या विचारानं तो खाली बसला.

शेवटी तो उठला. "तू खिडकी घे," तो म्हणाला. "मी कणीक मळतो."

"तुम्ही?"

"पीठ कुठल्या डब्यात आहे तेवढं सांग. डबे मीच लावलेत, पण मला सापडायचे नाहीत."

फिलोमिना हसली. पदर खोचून तिनं फुटलेल्या काचेचा मोठा तुकडा उचलला, सतरंजीवर आडवा ठेवला, गुण्या लावला आणि हिरकणी रॉकेलमध्ये बुडवून एका दमात रेघ ओढली. कर्रर्र असा बारीक आवाज झाला. तुकडा टेबलाच्या कडेवर धरून तिनं दोन बोटांनी दाबला. टक्! रेघेवर दोन भाग. सॅमसन कणकेचे हात घेऊन दारात उभा होता. त्याच्या तोंडून "वा!" निघून गेलं.

फुटक्या दोन काचा तिनं वरच्या लहान झरोक्यांना लावल्या, म्हणजे त्याही वाया गेल्या नाहीत. उरलेल्या तिन्हींच्या कडा सूतभर कापून खालच्या खाचांत बसवल्या. मग मोडकी झडप उतरवली. कुजलेला भाग तिरका कापून काढला, वखारीतून आणलेला जुन्या सागवानाचा तुकडा तितकाच तिरका कापला आणि दोन्ही असे जुळवले, की रंधा मारल्यावर जोड नखाला लागेना. संध्याकाळी तिनं झडप बिजागरीवर चढवली आणि नुसतं बोट लावलं. झडप आपल्या आपण चौकटीत जाऊन बसली. फिलोमिनानं ती पुन्हा उघडली, पुन्हा लावली. सहा-सात वेळा. आतल्या आत ती गुणगुणत होती.

सॅमसनच्या चपात्या कशा झाल्या ते विचारू नये. पण त्या रात्री दोघांनी त्या हसत हसत खाल्ल्या.

दुसऱ्या सकाळी शेजारच्या मुक्ताबाई दूध घ्यायला निघाल्या आणि खिडकीपाशी थबकल्या. म्हाताऱ्या नजरेनं जवळ जाऊन बघितलं. "अगं फिलो, ह्यो मिस्त्री कंदी आला? मला कसा दिसला न्हाई? त्याला म्हनावं, माजीबी एक खिडकी हाय. रातभर वारं येतं गं."

"मिस्त्री समोर उभी आहे, मावशी," सॅमसन म्हणाला.

मुक्ताबाईंनी फिलोमिनाकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "थट्टा करू नगा, कंडक्टर भाऊ."

"तुमची खिडकी दुपारी होईल. मग बोला."

दुपारी झाली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. दुसऱ्या सकाळी दारात गल्लीतले सूर्यभान गुरुजी हजर, त्यांच्या मागं आणखी चौघं. सगळे एकदम बोलायला लागले. कुणाच्या दोन काचा, कुणाची बिजागरी, कुणाची अख्खी चौकट. फिलोमिना गोंधळून सॅमसनकडं बघायला लागली. आणि इतके महिने घरात उगाच इकडून तिकडं फिरणाऱ्या सॅमसनला एकाएकी आपलं काम सापडलं.

"एकेक, एकेक!" तो उंबऱ्यावर चढून म्हणाला. "आधी म्हातारी माणसं आणि लहान लेकरांची घरं. गुरुजी, तुमच्याकडं दोघंच, तुम्ही पुढच्या गुरुवारी. काच ज्यानं त्यानं आणायची. माप मी येऊन घेणार. आणि दारात थांबू नका, पुढं सरका!"

लोक हसले, पण रांगेत उभे राहिले. तेव्हापासून रोज सकाळी तो पुढं जाऊन मापं घ्यायचा, प्रत्येक मापातून सूत वजा करायचा, आणि परत येऊन डाळ शिजत घालायचा. फिलोमिना घराघरांतून पटाशी घेऊन फिरायची. कुणी चहा द्यायचं, कुणी कैऱ्या, मुक्ताबाईंनी तर शेवयांचा अख्खा डबा दिला. शिवायची पोलकी तशीच पडून होती, आणि त्या बायकांनीही तक्रार केली नाही, कारण त्यांच्याही खिडक्या रांगेत होत्या.

गुरुवारी दुपारच्या गाडीनं आराधना नवरा आणि लेकीला घेऊन आली. घराला कुलूप. फोन केला तर बाबा म्हणाले, "गुरुजींच्या घरी ये, आईचं काम चाललंय."

आईचं कसलं काम, म्हणत आराधना बॅगांसकट तिथं पोचली. आई स्टुलावर उभी होती. कानामागं पेन्सिल, केसांत भुसा, तोंडात चार खिळे. बाबा खाली स्टूल धरून उभे होते, आणि त्यांच्या कमरेला आईचा स्वयंपाकाचा टॉवेल खोचलेला होता.

"आई! हे काय?"

फिलोमिनानं तोंडातले खिळे हातावर काढले. "थांब, हात लावू नको, काचेभोवती लावलेली लांबी ओली आहे. एवढी पट्टी ठोकते आणि येते." मग नातीकडं बघून तिचा चेहरा असा काही उजळला, की सॅमसननं स्टूल आणखी घट्ट धरलं. या बाईला इतक्या आनंदात आपण शेवटी कधी बघितली होती, ते त्याला सांगता आलं नसतं.

ईस्टरच्या सकाळी चर्चहून येताना सगळ्या गल्लीच्या खिडक्या सताड उघड्या होत्या, आणि दर दोन पावलांवर कुणी ना कुणी आतून हाक मारत होतं. घरी पोचायला त्यांना पाऊण तास लागला. मटण सॅमसननं केलं होतं. आराधनानं चाखलं आणि डोळे विस्फारून आईकडं बघितलं. "चांगलंय की!"

"तोंडावर स्तुती करू नको," फिलोमिना म्हणाली. "मीठ कमी आहे."

सोमवारी पुंजाराम मिस्त्री आला. त्याला आता वेळ मिळाला होता, पण गल्लीत काम उरलं नव्हतं. तो पश्चिमेच्या खिडकीपाशी गेला, झडपेच्या खालच्या पट्टीवरून नख फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"ही जोड म्या एकाच मानसाच्या हातची बघितली हाय," तो म्हणाला. "सत्यवान मिस्त्रीच्या. म्या पोरगा असताना."

"मी त्यांची मुलगी," फिलोमिना म्हणाली.

पुंजारामनं डोक्यावरची टोपी सारखी केली. "ताई, एका शाळंच्या चाळीस खिडक्या घेतल्यात. माज्या हाताखाली दोन गडी हायेत, पर जोड कुनालाच जमत न्हाई. तुमी याल का?"

फिलोमिनानं सॅमसनकडं बघितलं नाही. तिनं खिडकीकडं बघितलं. "पोलकी शिवून व्हायचीत," ती म्हणाली. "गुरुवारपासून आले तर चालेल?"

"लई चालंल!"

गुरुवारी सकाळी सॅमसन लवकर उठला. डबा भरला, पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधली. फिलोमिना साडी खोचून बाहेर आली, तिनं डब्याचं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "फोडणी करपलीये."

"उद्या नाही करपणार."

"संध्याकाळी भेंडी चिरून ठेवा. बारीक नको," ती म्हणाली आणि सायकल ढकलत निघाली. वळणावर मुक्ताबाईंनी तिला थांबवलं आणि दोघी काहीतरी बोलून जोरात हसल्या. सॅमसन दारात उभा राहून ते हसू ऐकत होता. मग तो आत गेला आणि भेंडी आहे का ते बघायला लागला.