डाग

निताने पदरात गुंडाळून आणलेलं रिमोट काउंटरवर ठेवलं आणि दोन बोटांनी सादिककडे सरकवलं. मग पिशवीतून स्टार्टरला जोडायचा पांढरा डबा काढला. त्याच्या वायरी कुणीतरी हिसका देऊन तोडल्या होत्या.

"सादिकभाऊ, ह्याच्यात लिहून राहतं का?"

"काय?"

"मी त्या दिशी कोणतं बटण दाबलं ते. लाल का हिरवं."

सादिक सेनगावजवळच्या गोरेगावात वीस वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवत होता. मिक्सरपासून लाउडस्पीकरपर्यंत काहीही त्याच्याकडे येई, पण असा प्रश्न कधी आला नव्हता. तो स्क्रू काढू लागला.

निताच्या नवऱ्याला, प्रेमदासला, जाऊन अठरा दिवस झाले होते. मोटरची जाळी गाळाने भरली म्हणून तो विहिरीत उतरला आणि निता रिमोट घेऊन काठावर उभी राहिली. तिने मोटर बंद केली. त्याने पाण्यात हात घालून वायर बाजूला ओढली, तेवढ्यात मोटर चालू झाली आणि त्याला शॉक बसला. आधी फ्यूज काढायला हवे होते, हे आता सगळा तांडा सांगतो. जीव गेल्यावर शहाणपणाला तोटा नसतो. बाकी निकाल तर तांड्याने त्याच दिवशी लावला होता. बाईच्या हातात रिमोट, बाईनेच चुकीचं बटण दाबलं.

"मला तर लालच दाबलं वाटतं," निता म्हणाली. "पन सगळे हिरवं म्हनून राहिले. आता डोळे मिटले का मला बी हिरवंच दिसतं. मिना माझ्या हातचं खात न्हाई, भाऊ. बारा वर्षांची पोरगी, ताट सरकवून देते."

बाहेर मोटारसायकल थांबली. तिला दुकानाशी उतरवून पेट्रोल भरायला गेलेला हिरासिंग आत आला, तशी निताने पदर कपाळाखाली ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. हिरासिंग प्रेमदासचा थोरला भाऊ. त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे ती जेठाशी बोलत नसे. काही सांगायचं झालं तर मधल्या माणसाला सांगायचं आणि त्याने ते पोचवायचं, मग दोघं हातभर अंतरावर का उभी असेनात.

"तिला म्हनावं, घाई न्हाई. सावकाश बघू दे," हिरासिंग सादिकला म्हणाला.

"घाई न्हाई म्हणतात," सादिकने सांगितलं. निताने मान हलवली.

तिला इथवर घेऊन यायला तांड्यात दुसरं कुणी तयार झालं नव्हतं. आईबाप लवकर गेले तेव्हा ह्याच माणसाने प्रेमदासला खांद्यावर बसवून मोठं केलं होतं. अठरा दिवसांत तो दहा वर्षांनी म्हातारा दिसू लागला होता.

त्याने गाडीची किल्ली काउंटरवर ठेवली. किल्लीला त्याच्या विहिरीवरच्या मोटरचं तसलंच रिमोट अडकवलेलं होतं.

"माझं बी बघून ठेव. दोन-दोनदा दाबावं लागतं, सेल उतरला असंल. मी चहा घेऊन येतो."

तो गेल्यावर निता पुन्हा वळली. सादिकने डब्याला नवी वायर लावून तो चालू केला. तिच्या रिमोटचं हिरवं बटण दाबलं. आत टक् झालं, दिवा लागला. लाल दाबलं, दिवा विझला. पुन्हा, आणि पुन्हा. यंत्रात काही खोट नव्हती.

"लिहिलेलं काही राहत न्हाई ह्यात, वहिनी."

"मंग हे हवेतून जातं तर ह्याला कळतं कसं, कुणाची मोटर चालू करायची ते?"

सादिकला बरं वाटलं. समजावून सांगण्यात निदान हात गुंतून राहतात.

"सरकारनं हवेतली एक पट्टी सगळ्यांसाठी मोकळी ठेवली. आपल्या गायरानासारखी. गाडीचं लॉक, दारावरची बेल, हे रिमोट, सगळे तिथंच चरतात. कुणाला मनाई न्हाई. म्हणून ज्याचा त्याचा नंबर वेगळा ठेवावा लागतो."

"ढोरावर डाग देतेत तसा."

"तसाच."

"आमचा डाग कोणता?"

सादिकने भिंग डोळ्याला लावलं. आत आठ बारीक पिना होत्या. त्या खालीवर केल्या की नंबर बनतो, दोन मिनिटांचं काम. आठही पिना कारखान्यातून आल्या तशाच खाली होत्या. एकाच खोक्यातून हंगामात त्याने चाळीस नग विकले होते आणि त्यातल्या एकाच्याही पिनांना हात लावला नव्हता. दिवाळीआधी प्रेमदास सांगायला आला होता, मोटर आपोआप चालू होऊन राहिली म्हणून. तेव्हा दुकानात गर्दी होती. लाइन जाते-येते तेव्हा होतं तसं, असं म्हणून सादिकने त्याला डबा न उघडताच परत पाठवलं होतं.

"भाऊ? आमचा कोणता?"

त्याने भिंग खाली ठेवलं. त्याची नजर हिरासिंगच्या रिमोटवर गेली. निताने त्याच्याकडे पाहिलं, मग काउंटरवरच्या किल्लीकडे पाहिलं. ती बराच वेळ त्या किल्लीकडे बघत राहिली. मग हात पुढे करून तिने जेठाच्या रिमोटचं हिरवं बटण दाबलं.

काही झालं नाही. तिने पुन्हा दाबलं.

टक्. तिच्या डब्यातला दिवा लागला.

"त्या दिशी त्येंच्या हरभऱ्याला पानी चालू होतं," ती हळूच म्हणाली. "मधी एक बांध हाय फकस्त. माझ्या लालनं त्येंची बी मोटर बंद पडली असंल, म्हनून त्येंनी हिरवं दाबलं असंल. मी वरडले तर तेच आधी पळत आले. त्येंनीच काढलं वर."

ती खाली बसली. तोंडात पदराचा बोळा कोंबून ती रडली, अठरा दिवसांचं एकदम. मी न्हाई मारलं, मी न्हाई मारलं, एवढंच त्या बोळ्याआडून ऐकू येत होतं. सादिकला तिला पाणी द्यायचंही सुचलं नाही. आपण इथेच, ह्या क्षणी मरून जावं, असं त्याला वाटलं.

"चूक माझी हाय, वहिनी," तो शेवटी म्हणाला. "मी सांगतो त्यांना."

"काय सांगता?" तिने डोळे पुसले. "तुमच्या बटनानं तुमचा भाऊ मेला, हे सांगता?"

"तुमच्यावरचा आळ तर जाईल."

"अन् ते विहिरीत जातील. रोज सकाळी मी त्या काठावर जाऊन उभी राहते, भाऊ. तिथं उभं राहून काय वाटतं ते मला ठाऊक हाय. मिना बोलवते म्हनून परत येते."

"मिनाला तरी..."

"पोरीला बाप न्हाई राहिला. बापाच्या जागी तेवढे एक हाईत." ती उठून उभी राहिली. "त्येंना सांगा, डबा चांगला हाय. हिरवंच दाबलं गेलं. अन् हा डबा इथंच राहू द्या."

सादिकने नको म्हणायला हवं होतं. म्हणता आलं असतं. पण झाकली मूठ झाकलेलीच राहणार, हे कळताच त्याच्या छातीवरचा धोंडा हलका झाला, आणि त्या हलकेपणाची त्याला किळस आली.

हिरासिंग चहाचे तीन ग्लास घेऊन आला. एक त्याने निताच्या बाजूला ठेवला.

"काय निघालं?"

निता भिंतीकडे वळली होती. सांगायचं सादिकलाच होतं.

"डबा चांगला हाय, हिरासिंगभाऊ. हिरवंच बटण दाबलं गेलं."

हिरासिंगने ग्लास खाली ठेवला. बाहेर जीपवाला सेनगाव, सेनगाव म्हणून ओरडत होता. मग हिरासिंग सादिककडे वळला.

"तिला सांग, माझ्या मनात काही न्हाई. चूक मानसाच्याच हातून व्हते. मी माफ केलं म्हनावं. मिनाला बी मी समजावीन, आईला माफ कर म्हनून."

निता चार हातांवर होती. तिने शब्दन् शब्द ऐकला होता. तरी रीत ती रीत, आणि हिरासिंग वाट पाहत होता.

"त्यांनी माफ केलं म्हणतात," सादिक म्हणाला.

पदर थोडासा हलला. मान हलली असावी.

हिरासिंगने किल्ली उचलली.

"अन् माझं? बराबर हाय ना?"

सादिकने त्याच्या हातातल्या रिमोटकडे पाहिलं.

"बराबर हाय," तो म्हणाला. "फक्त सेल बदलायचा होता."