आवाज बंद

मेडिकल कॉलेजात तिला सगळे ‘भोंगा’ म्हणत. तिने कँटीनमध्ये चहा मागितला की तिसऱ्या मजल्यावरचे पेशंट दचकून उठून बसत. डॉक्टर झाल्यावर अशा मुलीची नेमणूक कुठे व्हावी? तर अख्ख्या हॉस्पिटलातल्या एकुलत्या एका मुक्या खोलीत!

खोली धनुर्वाताची. खिडक्यांना काळा कागद, बिजागऱ्यांना तेल, किल्ल्यांच्या जुडग्याला गुंडाळलेली गॉजची पट्टी. सिस्टर पायमोज्यांवर चालत आणि पाटीवर लिहून बोलत. कारण आत झोपलेल्या सुताराच्या अंगात एका खिळ्यावाटे शिरलेलं विष दबा धरून बसलं होतं. जरा खुट्ट झालं की ते त्याला पकडायचं. दातखीळ बसायची, पाठ धनुष्यासारखी वर ताणली जायची, डोकं आणि टाचा तेवढ्या गादीला टेकलेल्या, ओठ ओढले जाऊन चेहऱ्यावर एक भयंकर हसू, आणि श्वास बंद. परवा नुसता चमचा पडला होता, तर पठ्ठ्याने जीभ फाडून घेतली.

तिच्या खिशात एक फॉर्म होता. पुढे कशात शिकायचं ते पाच वाजायच्या आत कळवायचं होतं. पहिल्या पसंतीच्या चौकटीत तिने आईच्या धाकाने पेन्सिलीने ‘त्वचारोग’ लिहून ठेवलं होतं. “पुरळाने कोणी मरत नाही,” आई सकाळीच म्हणाली होती, “आणि पेशंट मेला नाही की नातेवाईक डॉक्टरला मारत नाहीत.” आईचं गणित एकदम सरळ. भोंग्याला ते पटत नव्हतं आणि खोडवतही नव्हतं.

तीन वाजता सुताराचा थोरला भाऊ आला. ट्रक ड्रायव्हर, दोन दिवस न झोपता गाडी हाकत आलेला, सोबत तीन दोस्त. खाली त्याने रखवालदाराला विचारलं, “माझा धाकटा कुठाय? सुतार आहे तो.”

“वरती, अंधाऱ्या खोलीत. डॉक्टरांनी आवाज बंद केलाय.”

रखवालदार बिचारा खोलीबद्दल बोलत होता. थोरल्याने ते भावाबद्दल ऐकलं.

जिन्यातली काच पहिल्यांदा गेली. मग औषधांचं कपाट. “आवाज बंद करता काय रे माझ्या भावाचा!” थोरल्याच्या हातात चाकाचा लोखंडी पाना होता आणि तो वाटेत येईल ते फोडत येत होता. सिस्टर कॉरिडॉरमध्ये पाटी घेऊन धावल्या. पाटीचे दोन तुकडे झाले, सिस्टर भिंतीवर आदळल्या आणि त्यांच्या भुवईतून रक्ताची धार लागली. इकडे आत सुताराची पाठ कमान होऊन वर उठली.

भोंगा बाहेर आली, दार पाठीमागे लोटलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. ओठांवर बोट.

“हट!”

तिने मान हलवली.

पाना खाली आला. तिने हात आडवा घातला. वाळकी काटकी मोडावी तसा तिच्याच हाडाचा आवाज तिने ऐकला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, किंकाळी गळ्यापर्यंत आली, आणि भोंग्याने, हो, भोंग्याने, ती दातांखाली चिरडली. खालचा ओठ फुटला. तोंडात रक्ताची खारट चव. पण हूं की चूं नाही.

थोरला चरकला. हाड मोडलं तरी न ओरडणारं माणूस त्याने कधी पाहिलं नसावं.

“ओरडत का नाहीस?”

तिने धड हाताने त्याची कॉलर धरली, त्याचा कान आपल्या तोंडाशी ओढला आणि कुजबुजली, “भाऊ जिवंत आहे. तुमच्या आवाजाने मरतोय.”

तेवढ्यात मागच्या दोस्ताने सलाईनचा स्टँड उचलला, “फोड रे दार!” थोरल्याने पाना कमरेला खोचला आणि तो गर्रकन वळला. एक ठोसा त्या दोस्ताच्या जबड्यावर, दुसरा पोटात, आणि तो कोसळायच्या आत थोरल्याने त्याला मिठीत झेलून अलगद जमिनीवर ठेवलं. स्टँड दुसऱ्या हाताने पकडला. इतकी शांत मारामारी जगात दुसरीकडे झाली नसेल! उरलेले दोघे न सांगताच चपला काढून भिंतीला चिकटले.

आत सुतार निळा पडला होता. भोंग्याने डाव्या हाताने झटक्यांवरच्या औषधाची सुई सलाईनच्या नळीत रिकामी केली. सिस्टरनी एका डोळ्यातलं रक्त पुसत सुताराच्या तोंडावर मास्क दाबला आणि श्वासाचा फुगा थोरल्याच्या पंजात दिला. त्यांनी मूठ मिटून-उघडून दाखवली: दाब, सोड. दाब, सोड. ट्रकचं स्टिअरिंग पिळणारा तो पंजा फुगा अलगद दाबत, सोडत राहिला. विष सुताराला तीनदा उचलून आपटून गेलं. चौथ्यांदा ते आलं, पण कमान अर्ध्यावरच मोडली. पाठ हळूहळू गादीला टेकली. ओठ गुलाबी झाले.

थोरला तोंडात शर्ट कोंबून रडला.

पोलीस आले तेव्हा बूट त्यांच्या हातात होते, कारण सिस्टरनी त्यांना जिन्यातच अडवलं होतं. बेड्यांनाही त्यांनी आधी कापूस गुंडाळला. जाताना थोरला भोंग्यापुढे वाकला. “ताई, हात...”

“मोडलाय,” ती कुजबुजली. “साक्ष मी देणारच, सोडणार नाही. पण फुगा छान दाबलात.”

साडेचारला फोन थरथरला. प्लॅस्टरमधला हात सांभाळत ती बाहेर गेली.

“अगं, ऐकलं ते खरं का? मारलं तुला? आणि तुझा आवाज कुठे गेला?”

“इथे तो काढायचा नसतो, आई.”

“मी सांगत होते! कातडीचं घे म्हणून!”

“आई, खिळ्याएवढी गोष्ट आठ दिवस एका माणसाला आपटतेय. आज माझ्या डोळ्यांसमोर ती हरली. उद्या ती परत येईल, आणि मला तिथे असायचंय.”

आई म्हणाली, “हेल्मेट घालशील?”

भोंग्याला हसू फुटलं. तिने ते तोंडावर हात दाबून आत ढकललं, फॉर्म गुडघ्यावर ठेवला, ‘त्वचारोग’ खोडला आणि वेड्यावाकड्या डाव्या अक्षरांत लिहिलं, ‘संसर्गजन्य रोग’. पेन्सिल कागदावर करकरली.

दाराच्या फटीतून सिस्टरनी डोळे वटारले.