अकरा सेंटीमीटरांचा फरक

मित्रांनो, मी एक जुनी डंपी लेव्हल आहे. तीन पायांच्या घोडीवर उभं राहायचं, लांब धरलेल्या पट्टीवरचा आकडा दुर्बिणीसारख्या नळीतून दाखवायचा आणि कुठली जमीन किती उंच, कुठली किती सखल ते सांगायचं, एवढंच माझं काम. माझ्या अंगावर एक काचेची छोटी नळी आहे. तिच्यातला बुडबुडा मधोमध आला की मी सपाट उभी आहे असं समजायचं. तो एका जागी फार वेळ टिकत नाही, आणि मलाही स्वस्थता अशी कधी लाभली नाही.

कोकणात रेल्वेचा मार्ग आखायचा होता तेव्हा उत्तरेकडच्या एका कारखान्यातून मी इकडे आले. परशुराम नावाचे सर्वेक्षक रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी मला तपासून घेत. माझी लाकडी पेटी ते दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर देत नसत. त्यांच्याबरोबर मी डोंगर, खाड्या, भातशेतं मोजली. माझ्या आकड्यांवर पुढे रूळ पडले. त्या दिवसांचा मला अजून अभिमान आहे.

काम संपलं आणि मी एका इंजिनीअरिंग कॉलेजात आले. सुरुवातीला माझं कौतुक झालं. मग एके वर्षी काही मुलांच्या हातून मी जांभ्या दगडाच्या पायरीवर पडले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मला पुसलं आणि गुपचूप पेटीत ठेवलं. वरून ओरखडाही दिसत नव्हता, पण जिच्यावर आकडा वाचायचा ती आतली आडवी रेष केसभर सरकली होती. तेव्हापासून मला सगळं किंचित तिरकं दिसू लागलं. माझे आकडे जुळेनात, तेव्हा मुलं ते वहीत जुळवू लागली. मित्रांनो, आपण खोटं सांगतो आहोत हे कळतं आणि बोलता मात्र येत नाही, याहून मोठा जाच नाही.

रसिका कॉलेजात आली ती आतल्या गावातून. घरी भातशेती, थोडी काजूची झाडं. शिकवणं इंग्रजीतून असे, त्यामुळे पहिलं वर्षभर ती वर्गात तोंड उघडत नव्हती. पण तिचं अक्षर मोत्यासारखं. सर्व्हेच्या गटात मुलगे नळीला डोळा लावत आणि वही रसिकाकडे देत. आकडे जुळले नाहीत की तीच शांतपणे दोनचार आकडे बदलून ते जुळवून देई. सगळे तिला हुशार म्हणत. ती हसत असे, पण वही पटकन मिटून टाकी. माझं खोटं आणि तिचं खोटं एकाच पानावर उतरत होतं.

शेवटच्या वर्षी तिने आणि तिची मैत्रीण फेबी हिने प्रकल्पासाठी रसिकाच्याच गावचा साकव निवडला. व्हाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, हा छोटा पूल दर श्रावणात बुडायचा आणि पलीकडची वाडी तुटायची. नवा साकव किती उंच हवा, ते त्या मोजून ग्रामपंचायतीला देणार होत्या. नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रं दुसऱ्या गटांनी आधीच नेली होती, म्हणून माझी पेटी बाहेर निघाली.

एस.टी.ने आम्ही गावात पोचलो. फेबी मालवणची. तिचे वडील इनास शाळेत शिक्षक. ती बोलण्यात चटपटीत आणि प्रत्येक कामात घाईची. तिने पट्टी धरली आणि रसिकाला मला उभं करायला सांगितलं. रसिका माझे स्क्रू नुसतीच फिरवत राहिली. चौथं वर्ष संपत आलं होतं आणि तिला बुडबुडा मधोमध आणता येत नव्हता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या तिच्या. फेबी हसली नाही. दोघींनी मिळून अर्ध्या तासात मला सरळ केलं. रसिकाने नळीतून पाहिलं तर पलीकडे उभी असलेली तिची सुगंधाकाकी उलटी दिसली, पाय वर आणि डोकं खाली. जुन्या लेव्हलीतून जग असंच दिसतं. रसिका पोट धरून हसली.

दोन दिवस मोजणी चालली. जाताना उताराच्या पायवाटेने, परतताना रस्त्याने; निघाल्या जागी परत आल्यावर उंची तीच यायला हवी होती. शेवटी हिशेब मांडला तर फरक निघाला अकरा सेंटीमीटरांचा. दोन-अडीच सेंटीमीटर चालले असते. काजूच्या झाडाखाली दोघी डबे उघडून बसल्या, पण जेवण जाईना.

"सोमवारी रिपोर्ट देवचो आसा," फेबी म्हणाली. "वहीत जुळवून टाक. तुझ्या अक्षरावर कोण शंका घेतलो?"

चहा घेऊन आलेल्या काकीने ते ऐकलं. तिला आकडे कळत नव्हते. ती साकवाकडे बघत एवढंच म्हणाली, "ह्यो पण मोजूनच बांधलेलो गो. त्याच वर्सा पाण्याखाली गेलो."

काकी निघून गेली. रसिकाने डबा बाजूला सारून वही पुढे ओढली. मग म्हणाली, "तीन वर्सां मी ह्याच करीत इलंय, फेबी. दुसऱ्यांचे आकडे जुळवीत. हयसर माका जमाचा नाय."

फेबी चिडली. तिने डबा आपटून बंद केला आणि ती व्हाळाकडे निघून गेली. थोड्या वेळाने मात्र दोन खुंट्या आणि एक दगड घेऊन ती परत आली. चूक आपली की यंत्राची, ते आधी बघूया, असं तिचं म्हणणं पडलं.

साठ मीटरांवर त्यांनी दोन खुंट्या ठोकल्या. एकदा मला बरोबर मध्ये ठेवून मोजलं, मग एका खुंटीजवळ नेऊन. दोन्ही वेळा खुंट्यांच्या उंचीतला फरक सारखाच यायला हवा होता. तो दोन सेंटीमीटरांनी वेगळा आला. मित्रांनो, माझं दुखणं सापडलं होतं! रसिकाने माझ्या डोळ्याजवळचे बारीक स्क्रू जरा जरा फिरवले, पुन्हा मोजलं, पुन्हा फिरवले. कितीतरी वर्षांनी मला सरळ दिसलं.

सगळी मोजणी पुन्हा करावी लागली. रिपोर्ट दोन दिवस उशिरा गेला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी रिपोर्ट बघून विचारलं की यंत्र बिघडलंय हे याआधी कुणाला कसं कळलं नाही. रसिका उभी राहिली.

"कळलं असतं, सर. पण आकडे मी वहीत जुळवून देत होते. तीन वर्षं."

सरांनी पुढचं पान उलटलं. उशिराचे गुण कापले गेले, ते गेलेच. तिला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदाच तिने पुढच्या प्रश्नांची उत्तरं फेबीकडे न बघता दिली.

आता रसिका देवगडला रस्त्याच्या कामावर आहे. फेबी पुढच्या शिक्षणासाठी गेली. साकवाचा कागद अजून पंचायतीत पडून आहे आणि श्रावण जवळ आला की माझा जीव कॉलेजच्या कपाटातही थाऱ्यावर राहत नाही.

मुलांनो, तुमच्या हातून आमच्यासारखं एखादं यंत्र पडलं तर पुसून ठेवून देऊ नका. सांगा. रागावतील, थोडा वेळच रागावतील. आम्हाला दुरुस्त करता येतं. पण आमच्या भरवशावर कुणीतरी पाण्यावरच्या साकवावरून चालत जाणार असतं.